तुफान आणि इस्पितळ : मिस फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचे चरित्र

वळवाच्या वादळाने एखाद्या खेड्यातील दवाखान्याचे पत्रे उडवून नेले, म्हणजे पंचांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, नवे छप्पर किती लवकर घालता येईल? हा प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याहून मोठा असा दुसरा एक प्रश्न आहे. तो कोणता हे कळण्यास ज्यांना फार मोठी किंमत मोजावी लागली, अशा एका बाईंचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

मिस नाइटिंगेल यांचा जन्म 12 मे 1820 रोजी इटली देशातील फ्लोरेन्स शहरी झाला, व त्या शहरावरूनच त्यांचे नाव ठेविले गेले. आईबाप इंग्रज व धनवान होते. 1837 साली, सोळा वर्षांच्या असता, देव आपणास सेवेकरिता बोलावीत आहे अशी त्यांची खात्री झाली. मात्र ती सेवा कोणती हे उमगण्यास पुढे बरीच वर्षे लागली. रोग्यांची शुश्रूषा हे काम त्या काळी हलक्या दर्जाचे समजत. घरच्यांनी फार विरोध केला. तो सोसून 1851 साली त्यांनी जर्मनीत कायझरस्वेर्थ येथे पाळक फ्लीडनर यांच्या संस्थेत काही महिने शिक्षण घेतले, आणि 1853 साली लंडनमधील एका लहान रुग्णालयाचा कारभार हाती घेतला.

1854 साली क्रायमियात रशियाशी युद्ध जुंपले. जखमी शिपायांच्या हालअपेष्टांची वार्ता इंग्लंडात पोहोचताच सरकारने बाईंस पाठविले. त्या 38 परिचारिका घेऊन 4 नोव्हेंबर रोजी तुर्कस्तानात स्कूतारी येथे उतरल्या. त्यानंतर दहाच दिवसांनी, 14 नोव्हेंबर रोजी, क्रायमियाच्या किनाऱ्यावर भयंकर तुफान झाले. बालाक्लाव्हानजीक छावणीतील इस्पितळाचे तंबू वाऱ्याने फाडून नेले व आजारी माणसे चिखलात उघडी पडली. वीसहून अधिक जहाजे बुडाली, आणि त्यांतील एका जहाजाबरोबर पलटणीचे हिवाळ्याचे कपडेही समुद्राच्या तळाशी गेले. मग थंडी व उपासमार यांनी खंगलेले हजारो शिपाई समुद्रमार्गे स्कूतारीस येऊ लागले.

तेथील इस्पितळ म्हणजे तुर्की फौजेची एक प्रचंड बराक होती. आमच्या मस्तगडाची तटबंदी शत्रूस बाहेर ठेवण्यासाठी बांधली होती. शिपायांची बराकही रोग्यांसाठी बांधलेली नसते. छप्पर मोठे, भिंती भक्कम, पण खाली तुंबलेली गटारे व मैल्याचे खड्डे होते. बाईंनी स्वयंपाकाची व्यवस्था लाविली, कपडे धुण्याची सोय केली, रात्री दिवा घेऊन त्या रोग्यांमधून फिरत असत. इतके करूनही 1855 च्या फेब्रुवारीत शेकडा 42 रोगी मेले. मार्चमध्ये डॉ. सदर्लंड, इंजिनियर रॉलिन्सन वगैरे मंडळींचे आरोग्य कमिशन आले. त्यांनी गटारे धुऊन काढली, हवेस वाट करून दिली, आणि पाण्याच्या मार्गात कुजत पडलेला मेलेला घोडा काढून टाकिला. जूनपर्यंत हेच प्रमाण शेकडा 2 वर आले.

त्याच सुमारास ब्रुनेल नावाच्या प्रख्यात इंजिनियराकडे सरकारने नव्या इस्पितळाचे काम सोपविले. त्याने लाकडी खोल्यांचे सुटे भाग इंग्लंडात तयार करवून जहाजाने रेंकिओई येथे पाठविले. प्रत्येक घरात सुमारे पन्नास खाटा, प्रत्येकास स्वतःचे शौचकूप व न्हाणीची जागा, हवा खेळविण्यासाठी पंखे, आणि सर्व घरांस जोडणारी आच्छादित वाट, अशी ती योजना होती. तेथे आलेल्या सुमारे 1,300 रोग्यांपैकी मेले ते 50 च्या आसपास.

1856 साली बाई स्वदेशी परतल्या. लोक त्यांचा जयजयकार करीत होते. त्या मात्र आकडे तपासीत बसल्या. सुमारे 16,000 शिपाई रोगाने मेले होते. आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या हाताखाली जे मेले, त्यांतील पुष्कळ जण त्या इमारतीमुळेच मेले, हे त्यांच्या ध्यानी आले. आपली माया होती, श्रम होते. पण जमिनीखाली काय आहे हे आपण पाहिले नव्हते! हे दुःख त्यांनी लपविले नाही. पुढे बहुतेक आयुष्य आजारीपणात, घरी राहून गेले, तरी त्याच दुःखातून त्यांचे खरे कार्य निघाले.

1859 साली त्यांनी इस्पितळांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. रोग्यास अपाय न करणे हे इस्पितळाचे पहिले कर्तव्य, हे त्याचे सार होय. एका दालनात सुमारे तीस खाटा, समोरासमोर खिडक्या, दोनांहून अधिक मजले नसावेत, शौचकूप दालनापासून वेगळे, भिंती धुता येतील अशा गुळगुळीत, आणि दालने एकमेकांपासून दूर, असे नियम त्यांनी घालून दिले. 1871 साली लंडनचे नवे सेंट थॉमस इस्पितळ याच धर्तीवर उघडले. त्यांचे सर्वच खरे ठरले असे नाही. दूषित हवेनेच रोग होतात असे त्या दीर्घकाळ मानीत. जंतूंचे ज्ञान मागाहून झाले. तथापि कारण चुकले तरी उपाय बहुतांशी योग्य ठरला.

हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत. पण येथील लष्करी ठाण्यांचे शेकडो कागद त्यांनी तपासले. त्या काळी जालन्यासही छावणी होती. या देशातील गोऱ्या फौजेत पूर्वी दर हजारी 69 माणसे दरसाल मरत. 1873 पर्यंत हा आकडा 18 वर आला, असे त्यांनी दाखविले. पुढे त्यांचे लक्ष खेड्यांकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांनी पत्रव्यवहार ठेविला, व मुंबई इलाख्यातील 1889 च्या ग्रामस्वच्छतेच्या कायद्याच्या कामी लक्ष घातले. 13 ऑगस्ट 1910 रोजी, नव्वद वर्षांच्या असता, त्या निवर्तल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीतील मानाची जागा नाकारून एका खेड्याच्या स्मशानभूमीत त्यांस पुरण्यात आले. दगडावर नावाची केवळ आद्याक्षरे आहेत.

तेव्हा वाचकहो, वादळाने पडलेला दवाखाना पुन्हा उभारण्याची वेळ आली, तर पत्र्यांचा भाव विचारण्यापूर्वी जागेवर जाऊन उभे राहा. पावसाचे पाणी कोठे साचते? विहीर शौचकूपाच्या उताराला तर नाही ना? वारा एका खिडकीतून शिरून दुसरीतून निघेल काय? छप्पर भिंतीस नीट जखडले आहे काय? या प्रश्नांस पैसा थोडा लागतो, डोळे मात्र उघडे लागतात. मोठे छप्पर मिळाले म्हणजे इस्पितळ मिळाले असे नव्हे, हे स्कूतारीच्या थडग्यांनी एकदा शिकविले आहे. ते पुन्हा शिकण्याची वेळ आपल्या गावावर येऊ नये.