एका कोंबडीची गाठ

१९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत एक आजारी कोंबडी आणली गेली. प्लिमथ रॉक जातीची, छातीत मोठी गाठ असलेली. ती ज्यांच्या हाती आली ते डॉ. पेटन राऊस तेव्हा जेमतेम तिशीचे होते.

राऊस यांचा जन्म १८७९ चा, अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा. वडील लवकर गेले. तीन मुलांना आईने वाढवले. जॉन्स हॉपकिन्समध्ये वैद्यकी शिकताना शवविच्छेदनाच्या वेळी क्षयाने पोखरलेल्या हाडाने त्यांचे बोट खरचटले आणि क्षयाची लागण झाली. काखेतली गाठ काढावी लागली. मग शिक्षण थांबवून ते टेक्सासला गेले आणि तिथे गुरांच्या राखणीत वर्षभर रमले. क्षयावर औषध नव्हते त्या काळात ते वाचले, हेच नशीब म्हणायचे.

कोंबडीच्या गाठीचे तुकडे त्यांनी तिच्याच कळपातल्या दुसऱ्या कोंबड्यांत रुजवले. गाठी वाढल्या. त्यानंतर त्यांनी गाठ वाटून तिचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून काढला की पेशी काय, जिवाणूही पलीकडे जाऊ नयेत. हे गाळलेले पाणी टोचले तरी कोंबड्यांना कर्करोग झाला. म्हणजे कारण पेशीपेक्षा कितीतरी लहान होते. आज आपण त्याला विषाणू म्हणतो.

१९११ मध्ये हे प्रसिद्ध झाले, पण फारसे कोणी मानले नाही. कर्करोग संसर्गाने होत नाही, ही तेव्हाची पक्की समजूत होती. कोंबडीचे माणसाला काय लागू, असेही म्हटले गेले. उंदरांत तोच प्रयोग करायला गेले तर यश येईना. अखेर १९१५ च्या सुमारास राऊस यांनी हा विषय बाजूला ठेवला.

हातावर हात ठेवून मात्र ते बसले नाहीत. पहिले महायुद्ध सुरू होते. जे. आर. टर्नर यांच्याबरोबर त्यांनी सायट्रेट आणि साखरेचे असे द्रावण बनवले, ज्यात रक्तपेशी काही आठवडे टिकत. १९१७ मध्ये ऑस्वाल्ड रॉबर्टसन यांनी त्याच्या जोरावर फ्रान्समधल्या आघाडीवर रक्त साठवून जखमी सैनिकांना दिले. आजच्या रक्तपेढीचे मूळ तिथे आहे. माझ्या मते एवढ्या एका कामासाठीही त्यांचे नाव घरोघरी माहीत असायला हवे होते.

कर्करोगाकडे ते वळले १९३० च्या दशकात, सशांच्या अंगावरच्या चामखिळींच्या निमित्ताने. या चामखिळीही विषाणूमुळे होतात, हे त्यांचे मित्र रिचर्ड शोप यांनी दाखवले होते. पुढे त्यांतून कर्करोग होतो, हे राऊस यांनी दाखवले. नोबेलसाठी त्यांचे नाव पहिल्यांदा सुचवले गेले १९२६ मध्ये. पारितोषिक मिळाले १९६६ मध्ये, चार्ल्स हगिन्स यांच्यासोबत. तेव्हा राऊस ८७ वर्षांचे होते. तोवर त्यांचे जावई ॲलन हॉजकिन यांना नोबेल मिळून तीन वर्षे झाली होती!

१९७० मध्ये राऊस गेले. कोंबडीच्या गोष्टीचा खरा उलगडा त्यानंतर झाला. त्यांच्या नावाच्या विषाणूत ‘सार्क’ नावाचे एक जनुक कर्करोग घडवते, हे कळले होते. १९७६ मध्ये मायकेल बिशप, हॅरल्ड व्हार्मस आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की हे जनुक मुळात विषाणूचे नाहीच. ते निरोगी कोंबडीच्या पेशीतून कधीतरी उचललेले आहे. माणसातही ते आहे, विसाव्या गुणसूत्रावर.

निरोगी पेशीत सार्कचे प्रथिन निरोप्याचे काम करते. बाहेरून वाढीचा संदेश आला की ते इतर प्रथिनांना फॉस्फेटचा कण जोडते आणि निरोप पुढे जातो. काम झाले की त्याची शेपटी आत दुमडते आणि ते बंद पडते. विषाणूने उचललेल्या सार्कला ही शेपटी नीट उरलेली नाही. त्यामुळे ते बंदच होत नाही आणि संदेश नसतानाही पेशी वाढत राहते. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सार्क अनेकदा गरजेपेक्षा जास्त सक्रिय आढळते. रक्ताच्या एका कर्करोगावर दिले जाणारे डॅसाटिनिब हे औषध सार्कलाही रोखते.

गंमत अशी, की कर्करोग पेशीतल्या जनुकांच्या बिघाडाने होतो, हे राऊस यांना शेवटपर्यंत पटले नव्हते. नोबेल स्वीकारतानाच्या व्याख्यानातही त्यांनी ती कल्पना झटकून टाकली होती. बिशप आणि व्हार्मस यांना नोबेल मिळाले १९८९ मध्ये, राऊस यांच्याच विषाणूवरच्या कामासाठी.