पाठीवर घेतलेला रुग्ण

१८९७ सालचा मार्च महिना. पुण्यात गाठीच्या तापाची साथ होती. आधी घरात उंदीर मरून पडत. मग काही दिवसांत माणसाला हुडहुडी भरून ताप चढे, जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ येई आणि अनेकदा आठवडाभरात सगळे संपे. ज्यांना जमले त्यांनी गाव गाठले होते. मागे राहिलेले लोक शेजारच्या घरातून कण्हण्याचा आवाज आला तरी दार लावून घेत.

अशा दिवसांत मुंढव्याच्या गावाबाहेरच्या महार वस्तीत पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळले. सहासष्ट वर्षांच्या एक बाई तिथे गेल्या. त्यांनी त्या मुलाला पाठीवर घेतले आणि हडपसरच्या माळावर आपल्या मुलाने उघडलेल्या दवाखान्यात आणले. त्यानंतर त्यांनाही प्लेगने गाठले. १० मार्च १८९७ च्या रात्री त्यांचा मृत्यू झाला. त्या बाई म्हणजे सावित्रीबाई फुले.

सावित्रीबाईंचे नाव महाराष्ट्रात शाळेशी जोडलेले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यांचा शेवट ज्या कामात झाला, ते आरोग्यसेवेचे काम होते. तो प्रसंग अनेकदा एका ओळीत आटोपला जातो: प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना निधन. त्या एका ओळीत काय काय दडले आहे, हे समजून घ्यायचे तर त्या वेळी वैद्यकशास्त्र कुठे उभे होते, ते आधी पाहावे लागेल.

तेव्हा काय माहीत होते?

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागातल्या रुग्णांवरून हा प्लेगच आहे, असे निदान डॉ. अकासियो व्हिएगास यांनी केले. तिथून ही साथ पुण्यात आली. मुंबईतच वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ती सर्वसामान्य माणसापर्यंत पोचायला अजून वेळ होता.

म्हणजे जंतू माहीत झाला होता, पण तो माणसापर्यंत येतो कसा, याचा पत्ता नव्हता. दूषित हवा, ओल, घाण, धान्याची पोती, अशा अनेक गोष्टींवर संशय घेतला जात होता. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ मध्ये. आज हे गणित सोपे वाटते. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा नवे रक्त शोधत माणसाकडे वळतात. दंशातून जंतू शरीरात शिरतो, जवळच्या लसिका ग्रंथीत वाढतो आणि गाठ येते. जंतू फुप्फुसात पोचला तर खोकल्याच्या तुषारांतूनही तो दुसऱ्याला होतो, आणि हा प्रकार सर्वांत घातक.

औषधाची बाजू तर पूर्ण रिकामी होती. प्लेगवर खात्रीने चालणारे पहिले प्रतिजैविक, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, १९४० च्या दशकात मिळाले. उपचार झाला नाही तर गाठीच्या प्लेगमध्ये ३० ते ६० टक्के रुग्ण दगावतात. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये जवळजवळ कोणीच वाचत नाही. १८९७ मध्ये डॉक्टरांच्या हाती होते ते इतकेच: मोकळी हवा, स्वच्छ अंथरूण, पाणी, पातळ अन्न, गाठ पिकली तर चिरा देणे आणि जवळ बसून राहणे. रुग्णाला हात लावणारा माणूस हेच त्या काळचे मुख्य औषध होते, आणि नेमका तोच मिळत नव्हता.

माळावरचा दवाखाना

सावित्रीबाईंचे दत्तकपुत्र यशवंत हे डॉक्टर होते आणि लष्कराच्या वैद्यकीय सेवेत होते. साथीच्या काळात ते पुण्यात आले आणि हडपसरच्या सासने यांच्या माळावर त्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. सासने हे यशवंतांचे सासर. जागा शहराच्या दाटीबाहेर, उघड्यावर होती. पिसूचे गणित माहीत नसतानाही ही निवड शास्त्राला धरून होती, कारण दाट वस्ती, धान्य आणि उंदीर यांच्यापासून रुग्ण दूर जात होता.

याच सुमारास सरकारही कामाला लागले होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्याच्या प्लेग व्यवस्थेवर वॉल्टर रँड यांची नेमणूक झाली आणि मार्चच्या मध्यापासून गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडती घेऊ लागले. रुग्णाला वेगळे ठेवणे हा उपाय वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा नव्हता. पण तो ज्या पद्धतीने राबवला गेला, तिच्या धसक्याने लोक रुग्ण लपवू लागले. रुग्णालय म्हणजे परत न येण्याची जागा, अशी समजूत घट्ट झाली. पुढे २२ जूनला रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तो इतिहास सर्वांना माहीत आहे.

रुग्णाला घराबाहेर काढायचे काम सोल्जरही करत होते आणि सावित्रीबाईही. फरक होता तो विश्वासाचा. ओळखीची, आपल्या बाजूने आयुष्यभर उभी राहिलेली म्हातारी बाई आपल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेते, तेव्हा आईबाप मुलाला लपवत नाहीत. साथीच्या काळात हा विश्वास लसीइतकाच मोलाचा असतो. तो साथ आल्यावर तयार करता येत नाही. सावित्रीबाईंच्या बाबतीत तो तयार व्हायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली होती.

पन्नास वर्षांची तयारी

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. १८४० मध्ये जोतीराव फुले यांच्याशी लग्न झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. अक्षरओळख सासरी झाली. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि त्या शिकवू लागल्या. वाटेत लोक शेण आणि चिखल फेकत, म्हणून त्या पिशवीत दुसरे लुगडे ठेवत, ही गोष्ट प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. तिच्यातला एक तपशील मात्र नजरेतून निसटतो. दुसरे लुगडे बरोबर ठेवणे म्हणजे आजही शेण अंगावर येणार हे धरून चालणे, आणि तरीही शाळेची वेळ चुकू न देणे. संतापाच्या भरात एकदा धाडस करणे आणि रोज सकाळी घडी घातलेले लुगडे पिशवीत टाकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१८६३ च्या सुमारास पुण्यात एका ब्राह्मण विधवेने जन्मलेल्या बाळाचा जीव घेतला आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तिला फसवणारा पुरुष मोकळा राहिला. फुले दांपत्याने आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि अडलेल्या विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, असे जाहीर केले. पुढच्या वीस वर्षांत ३५ विधवा तिथे बाळंत झाल्याचे जोतीरावांनी नोंदवले आहे. गरम पाणी, बाळंतिणीचे खाणेपिणे, नाळ, दूध, रात्रीची जागरणे, हे सगळे सावित्रीबाईंच्या वाट्याचे काम होते. आजच्या भाषेत ही माता आणि नवजात बालकाची आरोग्यसेवा. तिथे जन्मलेल्या, काशीबाई नावाच्या विधवेच्या मुलाला त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतले. तोच यशवंत. ज्या बाळाला समाज जगू देणार नव्हता, ते बाळ पुढे डॉक्टर झाले आणि त्याने उघडलेल्या दवाखान्यात प्लेगचे रुग्ण आले.

१८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. त्याच वर्षी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाईंनी एक घटना कळवली आहे. वेगळ्या जातींच्या एका तरुण जोडप्याला गावकरी मारायला निघाले होते. सावित्रीबाई मध्ये पडल्या आणि त्यांनी त्या दोघांचा जीव वाचवला. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने अन्नछत्रे चालवली. १८७७ मध्ये जुन्नर भागातल्या ओतूरहून त्यांनी लिहिलेल्या पत्रात गाव सोडून निघालेली माणसे आणि तडफडून मरणारी जनावरे यांचे वर्णन आहे.

१८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू लुळी पडली. अशा रुग्णाला कुशीवर वळवणे, भरवणे, पाठीला जखमा होऊ न देणे, हे काम दिवसरात्र चालते आणि त्याला कोणी टाळ्या वाजवत नाही. जोतीराव डाव्या हाताने लिहू लागले आणि त्यांनी पुस्तक पूर्ण केले. त्यामागे ही शुश्रूषा होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी टिटवे हाती घेतले आणि अग्नीही दिला. नंतरची सहा वर्षे त्यांनी सत्यशोधक समाजाचे काम पुढे चालू ठेवले.

हे सगळे एका रांगेत मांडले की मुंढव्याचा प्रसंग अचानक घडलेला राहत नाही. मुलीला शिकवणे, विधवेचे बाळंतपण करणे, अस्पृश्याला पाणी देणे, लुळ्या पडलेल्या नवऱ्याला वळवणे, या प्रत्येक कामात इतरांनी हात आखडता घेतला होता आणि सावित्रीबाईंनी हात लावला होता. पांडुरंगाला पाठीवर घेताना त्यांना नव्याने काही ठरवावे लागले नसणार. हाताला, पाठीला सवय होती. संकटाच्या क्षणी माणूस एकदम मोठा होत नाही, तो आधीपासून जसा वागत आला तसाच वागतो. नायकपणाचा अर्थ शोधायचा तर शेवटच्या दिवसापेक्षा आधीच्या साध्या दिवसांकडे पाहावे लागते.

नायक म्हणताना

प्लेग संपलेला नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात गाठीच्या तापाचे रुग्ण आढळले आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगच्या बातमीने लाखो लोक शहर सोडून पळाले. पळणाऱ्यांत काही खासगी डॉक्टरही होते. तेव्हा औषध होते, रोगाची माहिती होती. तरीही माणसे पळाली. १८९७ मध्ये यातले काहीच नसताना जी बाई उलट्या दिशेने चालत गेली, तिचे मोल त्यावरून कळावे.

पण याच ठिकाणी एक धोका आहे. सावित्रीबाईंचा मृत्यू आपल्याला इतका भारावून टाकतो की मरण हीच सेवेची किंमत असते, असे आपण मानू लागतो. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले. त्याच महिन्यात देशभर लोकांनी गॅलरीत उभे राहून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी थाळ्या वाजवल्या. त्याच कर्मचाऱ्यांना मास्क आणि अंगरखे पुरत नव्हते आणि काही ठिकाणी परिचारिकांना भाड्याचे घर सोडायला सांगितल्याच्या बातम्या येत होत्या. कोणाला नायक म्हटले की आपली जबाबदारी संपते, असे वाटणे ही मोठी सोयीची चूक आहे.

आज प्लेगच्या रुग्णाला लवकर प्रतिजैविक मिळाले तर तो बहुधा बरा होतो. त्याला उचलून आणणाऱ्याने मास्क आणि हातमोजे घालायचे असतात आणि निकटचा संपर्क आला असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सात दिवस प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या असतात. बस्स, एवढेच. सावित्रीबाईंना या गोळ्या मिळाल्या असत्या तर त्या बहुधा आणखी काही वर्षे जगल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोणाला तरी आणायला निघाल्या असत्या. त्यांना मृत्यू नको होता. तो मुलगा दवाखान्यात पोचायला हवा होता.

मुंढवा आणि हडपसर ही आता पुण्याचीच उपनगरे आहेत आणि त्यांच्या मधल्या रस्त्यावर दिवसभर वाहनांची रांग असते. एखाद्या इमारतीत क्षयरोगाचा रुग्ण निघाला, एखाद्या घरात एचआयव्हीची बातमी फुटली की आजही त्या घराकडे जाणारी पावले थबकतात. क्षयावर सरकारी दवाखान्यात मोफत औषध आहे, एचआयव्हीवरही आहे. त्या घराची बेल वाजवायला पाठीवर कोणाला घ्यावे लागत नाही, जीवही धोक्यात घालावा लागत नाही. रुग्णाला रिक्षात बसवून दवाखान्यापर्यंत सोबत जायचे असते.