अर्धी दाढी काढलेले संत

चर्चमध्ये कुणी हसलं की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. मला मात्र तेव्हा संत फिलिप नेरी आठवतात. १५१५ साली ते फ्लॉरेन्सला जन्मले, १५५१ साली रोममध्ये धर्मगुरू झाले. मिशनरी म्हणून हिंदुस्थानात यायचं त्यांच्या मनात होतं. पण तुमचा हिंदुस्थान रोममध्येच आहे, असं एका मठवासीयानं सांगितलं आणि ते तिथंच राहिले. लोक जिवंतपणीच संत म्हणू लागले, तेव्हा हे अर्धीच दाढी काढून चारचौघांत जायचे. लोक हसले की मोठेपणा डोक्यात जात नाही! त्यांच्या विनोदाचं गिऱ्हाईक ते स्वतःच. १६२२ मध्ये आपल्या गोंयच्या सायबाबरोबर, म्हणजे फ्रान्सिस झेवियरबरोबर, एकाच दिवशी त्यांनाही संतपद मिळालं. दुसऱ्याला हसणं सोपं. स्वतःला हसणं ही मला प्रार्थनाच वाटते.