वैद्यकाची हुकलेली वाट आणि केडगावच्या पंडिता रमाबाई

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे छोटे स्थानक आहे. दौंड तालुक्यातील या गावाचे नाव शतकाहून अधिक काळ एका संस्थेमुळे जगभर पोहोचले, ती संस्था म्हणजे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. रमाबाई म्हटले की संस्कृतचे प्रकांड पांडित्य, धर्मांतर, शारदा सदनाचा वाद आणि दुष्काळपीडित मुलींचा सांभाळ या गोष्टी ओळीने आठवतात. त्या डॉक्टर होण्याच्या इच्छेने विलायतेला गेल्या होत्या, ही गोष्ट मात्र बहुतेकांच्या स्मरणातून निसटून गेलेली असते. वैद्यकीय शाखेकडे डोळे लावून बसलेल्या आणि तेथील दार बंद झाले की आता पुढे काय, या विवंचनेत पडणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांनी तरी त्यांच्या चरित्राचा हा भाग एकदा नजरेखालून घालावा असा आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. हा भाग आज कर्नाटकात मोडतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. आईने तेच धन रमेला दिले. कुटुंब तीर्थाटन करीत, देवळांतून पुराणे सांगत देशभर हिंडत असे. बारा-पंधराव्या वर्षी रमेला भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते, पण शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. अठराशे सत्तरच्या दशकातील मद्रास इलाख्यातील दुष्काळाने या कुटुंबाला गाठले. पुराण ऐकणाऱ्यांच्याच घरी अन्न नव्हते, तेथे पुराणिकाला दक्षिणा कोण देणार? भीक मागणे अभिमानाला पटत नव्हते आणि कष्टाने पोट भरण्याची कोणतीही विद्या घरात कोणी शिकलेले नव्हते. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीणही. उपजीविका मिळवून न देणारे पांडित्य माणसाला उपाशी ठेवू शकते, हे रमाबाईंनी वयाच्या विशीच्या आत पाहिले. पुढे त्यांनी उभ्या केलेल्या प्रत्येक संस्थेत हातांना काम शिकविण्याचा जो आग्रह दिसतो, त्याचे मूळ येथे शोधावे लागते.

उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांतच भाऊ श्रीनिवास वारला. रमाबाईंनी त्याचे मित्र, बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी आणि प्रांतही वेगळा, असा तो विवाह होता. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. संसाराला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आदी सुधारकांच्या पाठबळावर त्यांनी त्याच वर्षी आर्य महिला समाज स्थापन केला.

त्याच वर्षी शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेला हंटर आयोग पुण्यात आला. रमाबाईंनी आयोगापुढे साक्ष दिली. मुलींसाठी स्त्री शिक्षिका हव्यात, त्यांना पुरेसे वेतन हवे, शाळा तपासण्यास स्त्रियाच नेमाव्यात, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पण या साक्षीतील सर्वांत दूरगामी भाग स्त्री डॉक्टरांविषयीचा होता. या देशातील स्त्रिया आपला आजार पुरुष वैद्याला सांगण्यास धजत नाहीत, आणि त्या संकोचापायी असंख्य बायका अकाली मरण पावतात. यासाठी वैद्यकाचे शिक्षण स्त्रियांना खुले व्हावे, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. अध्यक्ष विल्यम हंटर इतके प्रभावित झाले की त्यांनी ती साक्ष इंग्रजीत करून छापून घेतली. पुढे १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरविणारा निधी सुरू झाला. त्याचे श्रेय रमाबाईंच्या साक्षीला देण्याचा प्रघात चरित्रकारांत आहे, पण तो थोडा आवरून घ्यायला हवा. पन्नाच्या महाराणीचा याच आशयाचा निरोप एका मिशनरी डॉक्टरबाईंनी १८८१ मध्येच व्हिक्टोरिया राणीपर्यंत पोहोचविला होता. मद्रासचे वैद्यकीय महाविद्यालय १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश देत होते, आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजाचे दार १८८३ मध्ये उघडले. मागणी अनेक ठिकाणांहून उठत होती. ती सरकारी आयोगापुढे एका चोवीस वर्षांच्या हिंदू विधवेने स्वतः उभे राहून मांडली, याचे मोल मात्र त्यामुळे उणे होत नाही.

रमाबाई केवळ मागणी करून थांबल्या नाहीत. आपणच वैद्यक शिकावे, असे त्यांनी ठरविले. ‘स्त्रीधर्मनीति’ हे त्यांचे मराठी पुस्तक १८८२ मध्ये निघाले होते. त्याच्या विक्रीतून प्रवासखर्चाची सोय झाली. १८८३च्या एप्रिलमध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला कडेवर घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या. त्याच महिन्यात, कलकत्त्याच्या बंदरातून, त्यांच्या नात्यातली अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी अमेरिकेच्या बोटीत बसली. दोघींचे ध्येय एकच होते. एकीला पदवी मिळाली, दुसरीला प्रवेशही मिळाला नाही.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनीसंघाकडे रमाबाई उतरल्या. राहण्या-जेवणाच्या मोबदल्यात हिंदुस्थानात येऊ घातलेल्या भगिनींना मराठी शिकवायचे, असा व्यवहार ठरला होता. फुकटचे काही घ्यायचे नाही, हा त्यांचा बाणा तेथेही सुटला नाही. पण ऐकू कमी येण्याचा त्यांचा विकार बळावत गेला. त्या काळचे वैद्यकीय शिक्षण म्हणजे व्याख्यान ऐकणे आणि छातीला नळी लावून हृदयाचे, फुप्फुसांचे आवाज टिपणे. ज्याला वर्गातील बोलणेच नीट ऐकू येत नाही, त्याचा तेथे निभाव लागणार नाही, असा निर्णय झाला आणि वैद्यकाचे दार मिटले. याच सुमारास सोबत आलेल्या मैत्रिणीचा दुर्दैवी अंत झाला. त्याच सप्टेंबरमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. एका वर्षात इतके आघात आणि इतकी वळणे क्वचितच कोणाच्या वाट्याला येत असतील.

नंतरची दोन वर्षे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात गेली. प्राचार्या डोरोथिया बील यांच्या छायेखाली त्या संस्कृत शिकवीत आणि गणित, निसर्गविज्ञान, इंग्रजी साहित्य शिकत. वैद्यक गेले तरी विज्ञानाची ओढ गेली नव्हती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. त्या समारंभासाठी रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. जी पदवी स्वतःला हवी होती ती आप्त मुलीला मिळताना पाहण्यासाठी समुद्र ओलांडणे, यात मनाचा मोठेपणा होता. आनंदीबाईंनी प्रबंधासाठी हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री विभाग सांभाळण्याची नेमणूकही झाली होती. पण क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, पुण्यात निवर्तल्या. एकाही रुग्णाला त्यांना आपल्या रुग्णालयात तपासता आले नाही. त्याच वर्षी अमेरिकेत रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला प्रस्तावना लिहिली ती आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या अधिष्ठाता आणि रसायनशास्त्राच्या अध्यापिका रेचल बॉडली यांनी.

डॉक्टर होता येत नाही म्हटल्यावर रमाबाईंनी शिक्षणशास्त्र निवडले. फिलाडेल्फियात त्यांनी फ्रोबेलची बालोद्यान पद्धती शिकून घेतली, अमेरिकाभर व्याख्याने दिली आणि बॉस्टनमध्ये आपल्या कार्याला दहा वर्षे द्रव्यसाह्य करणारी मंडळी उभी केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. हा योगायोग असेल, पण नोंदवण्याजोगा आहे. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हलले. विधवा मुलींच्या या शाळेत शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र हे विषय शिकवले जात. आपले शरीर कसे चालते हे मुलीला कळले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई हिने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याच वर्षी सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्यावरून ‘केसरी’तून टीकेचे रान उठले. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. या वादात रमाबाईंची बाजू सर्वस्वी निर्दोष होती असे म्हणवत नाही, आणि टीकाकारांनी त्या मुलींना दुसरा आसरा दिला होता असेही नाही. धर्माच्या या गदारोळात सदनातील शरीरशास्त्राचा तास कोणाच्या लक्षात राहणार?

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे अनाथ मुलींना घेऊन आल्या. नेमकी तेव्हाच पुण्यात प्लेगची साथ होती आणि निर्बंधांमुळे इतक्या मुलींना शहरात ठेवता येईना. केडगावला त्यांनी आधीच सुमारे शंभर एकर माळरान घेऊन ठेवले होते. तेथे विहिरी खणल्या, झोपड्या उभारल्या, पक्क्या इमारती बांधल्या आणि मुक्ती सदन आकाराला आले. प्लेगच्या रुग्णालयातील स्त्रियांच्या दुरवस्थेविषयी त्यांनी १८९७ मध्ये मुंबईच्या वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले. सरकारने आरोप फेटाळले, तरी विषय थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. आयोगापुढे पंधरा वर्षांपूर्वी मांडलेला प्रश्न तोच होता: आजारी बाईला विश्वासाने कोणाच्या हाती सोपवायचे?

१९००च्या दुष्काळानंतर केडगावातील संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. एवढ्या माणसांत आजार हे रोजचेच. उपासमारीने खंगलेल्या मुलींना आधी जगवायचे आणि मग शिकवायचे, असा क्रम होता. शेती, दूधदुभते, विणकाम, शिवण, तेलघाणा आणि छापखान्याबरोबर रुग्णसेवेचेही शिक्षण तेथे दिले जाई. अंध स्त्रियांसाठी स्वतंत्र सदन होते. मनोरमाबाईंनी अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून घेतली होती, त्यांनी ती या स्त्रियांना शिकविली. स्वतः ऐकू न येणाऱ्या बाईने काढलेल्या संस्थेत न दिसणाऱ्यांना वाचता येऊ लागले.

केडगावहून चौफुला आणि न्हावरे मार्गे शिरूर गाठता येते. भीमा आणि घोड या नद्यांच्या या पट्ट्यात आज साखर कारखाने आहेत, रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, आणि दौंडजवळच्या कुरकुंभला औषधे व रसायने बनविणारे कारखाने आहेत. येथील मुले-मुली बारावीनंतर नीटच्या गुणांकडे डोळे लावतात आणि एम.बी.बी.एस. हुकले की घरात सुतक पडते. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, भौतिकोपचार, श्रवणशास्त्र या वाटा तेव्हा नाइलाजाच्या वाटतात. वास्तविक यांतील बऱ्याच व्यवसायांना २०२१च्या केंद्रीय कायद्याने स्वतंत्र आयोग दिला आहे, आणि कुरकुंभसारख्या ठिकाणी औषधाचा दर्जा तपासणारा माणूस डॉक्टर नसतो, तो रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला असतो. प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमाला कोणत्या परिषदेची मान्यता आहे आणि पदवीनंतर नोंदणी होते की नाही, एवढे विचारण्याची तसदी मात्र पालकांनी घ्यावी. अपंगत्वाच्या बाबतीतही काळ बदलला आहे. वाचा व भाषेचे अपंगत्व असलेल्या एका विद्यार्थ्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितले की अपंगत्वाचा टक्का एवढ्यावरून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही. उमेदवार तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे तज्ज्ञ मंडळाने तपासले पाहिजे. १८८३ मध्ये रमाबाईंच्या बाबतीत अशी तपासणी करणारे कोणी नव्हते.

रमाबाईंची शेवटची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे केडगावच्या छापखान्यातील स्त्रियाच करीत. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. १९२१च्या जुलैमध्ये मनोरमाबाई वारल्या. जिच्यावर संस्था सोपवायची ती कन्याच गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावी देह ठेवला, आणि तेथेच त्यांना मूठमाती देण्यात आली. टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मुक्ती मिशनचे काम केडगावात आजही चालू आहे.