तोफखान्याचे कॅप्टन हॅरी ट्रुमन

युद्ध संपले की तोफा थंड होतात. परंतु त्या तोफा ओढणारी, भरणारी व डागणारी माणसे घरी परततात आणि त्यांच्यापुढे उदरनिर्वाहाचे दुसरे युद्ध उभे राहते. पहिल्या दिवशी गावोगाव कमानी उभारल्या जातात, वाद्ये वाजतात, हार पडतात. पुढे वर्ष उलटते न उलटते तोच समाज आपल्या व्यवहारात दंग होतो आणि सैनिक विस्मृतीत जातो. अशा वेळी सैनिकांस एकमेकांवाचून दुसरा आधार राहत नाही. हा आधार कसा टिकवावा, आणि तो स्वतःच्या मंडळापुरताच न ठेवता अधिक विस्तृत कसा करावा, याचा वस्तुपाठ अमेरिकेचे तेहेतिसावे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या चरित्रात सापडतो.

ट्रुमन यांचे नाव निघताच आपल्याकडील वाचकांस हिरोशिमा व नागासाकी या दोन दुर्दैवी शहरांची आठवण होते. ऑगस्ट १९४५ मध्ये अणुबाँबचा वापर त्यांच्याच कारकीर्दीत व त्यांच्याच संमतीने झाला. त्या निर्णयाचा न्याय इतिहास करीत आहे व पुढेही करील. प्रस्तुत लेखात मात्र पहिल्या महायुद्धात एका तोफखाना-तुकडीचे कॅप्टन असलेले आणि त्या तुकडीतील माणसांना अखेरपर्यंत न विसरलेले ट्रुमन यांचाच परिचय करून देण्याचा हेतू आहे.

हॅरीचा जन्म ८ मे १८८४ रोजी मिसूरी संस्थानातील लामार या लहानशा गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. तो सहा वर्षांचा असताना कुटुंब इंडिपेन्डन्स या गावी येऊन राहिले. दृष्टी जन्मतः अधू असल्याने लहानपणीच जाड भिंगांचा चष्मा लागला. चष्मा फुटेल या भीतीने सवंगड्यांच्या दांडगाईच्या खेळांत त्याला भाग घेता येईना; त्याने ती उणीव ग्रंथवाचनाने भरून काढली. थोर सेनापतींची चरित्रे वाचून लष्करी विद्यालयात जाण्याची इच्छा मनात उत्पन्न झाली, परंतु दृष्टिदोषामुळे ते द्वार बंद होते. तशात धान्याच्या सट्ट्यात वडिलांचे दिवाळे निघाले आणि महाविद्यालयीन शिक्षणही राहून गेले. बँकेत कारकुनी करीत असतानाच १९०५ साली हॅरी मिसूरीच्या राष्ट्रीय रक्षक दलातील तोफखान्यात दाखल झाला. दृष्टिपरीक्षेचा तक्ता त्याने आधीच तोंडपाठ करून ठेवला होता असे सांगतात. नवा निळा गणवेश घालून तो आजीस भेटावयास गेला, तेव्हा वृद्धेने तो पोशाख पुन्हा घरात आणू नये असे बजाविले. कारण यादवी युद्धात निळ्या गणवेशाच्या सैनिकांनीच तिचे शेत लुटले होते.

पुढील सुमारे दहा वर्षे वडिलोपार्जित शेतीत गेली. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा ट्रुमन तेहेतीस वर्षांचे होते. सक्तीच्या भरतीची वयोमर्यादा त्यांनी ओलांडली होती आणि शेतीचा भारही शिरावर होता. घरी राहिले असते तर कोणी बोल लावला नसता. तरीही ते पुन्हा तोफखान्यात गेले. त्या वेळच्या प्रथेप्रमाणे सैनिकांनीच मतदान करून त्यांना लेफ्टनंट निवडले. ओक्लाहोमातील छावणीत प्रत्येक सैनिकाकडून दोन डॉलर वर्गणी घेऊन ट्रुमन यांनी एडी जेकबसन या सहकाऱ्याच्या मदतीने पलटणीचे उपाहारगृह व दुकान चालविले. इतर पलटणींची दुकाने तोट्यात बुडत असता यांनी थोड्याच महिन्यांत वर्गणी परत करून वर नफाही वाटला.

११ जुलै १९१८ रोजी फ्रान्समध्ये एकशे एकोणतिसाव्या तोफखाना पलटणीच्या बॅटरी डीचे आधिपत्य कॅप्टन ट्रुमन यांजकडे आले. बॅटरी म्हणजे चार तोफांची तुकडी. तीत सुमारे दोनशे सैनिक होते. बहुतेक कॅन्सस सिटीतील आयरिश वंशाचे कॅथलिक तरुण, अंगाने धट्टेकट्टे आणि वृत्तीने बेबंद. पूर्वीच्या अधिकाऱ्यांना त्यांनी नामोहरम केले होते. हा चष्मेवाला, प्रॉटेस्टंट पंथाचा नवा कॅप्टन पाहून त्यांनी कुचेष्टा आरंभिली, रात्री घोडे सोडून दिले, छावणीत मारामाऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर पदावनत झालेल्या सार्जंट-नाईकांची यादी लागलेली दिसली. ट्रुमन यांनी उरलेल्यांना बोलावून सांगितले की, त्यांच्याशी जुळवून घेण्यास आपण आलो नसून त्यांनीच आपल्याशी जुळवून घ्यावयाचे आहे. ज्यास हे जमणार नसेल त्याने आताच सांगावे. ते आपले म्हणणे खरे करतात आणि पक्षपात करीत नाहीत हे सैनिकांनी लवकरच ओळखले.

खरी कसोटी २९ ऑगस्टच्या रात्री व्होज पर्वतात लागली. बॅटरीने गोळे डागले, परंतु तोफा मागे नेणारे घोडे वेळेवर आले नाहीत. जर्मन तोफांनी उत्तर देण्यास प्रारंभ केला. पाऊस, चिखल व काळोख यांत एका सार्जंटने पळा म्हणून आरोळी ठोकली आणि सैनिक उधळले. ट्रुमन यांचा घोडा गोळ्याने पडलेल्या खड्ड्यात कोसळला; त्याखालून कसेबसे निघून ते उभे राहिले आणि शेलक्या शिव्यांचा असा काही भडिमार केला की पळणारे थबकून परत फिरले. वरिष्ठांना त्या सार्जंटवर लष्करी खटला भरावयाचा होता. ट्रुमन यांनी त्यास साधा शिपाई करून दुसऱ्या बॅटरीत धाडले आणि प्रकरण मिटविले. शिस्त राखली, परंतु माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ दिले नाही.

सप्टेंबरमध्ये भर पावसात रात्रीमागून रात्री कूच करीत पलटण आर्गॉनच्या अरण्याकडे निघाली. कोणीही घोड्यावर बसू नये असा कर्नलचा हुकूम असताना पाय मुरगळलेल्या एका सैनिकाला ट्रुमन यांनी घोड्यावर बसू दिले, आणि कर्नल संतापले असताही त्यास उतरविले नाही. २६ सप्टेंबरच्या पहाटे महासंग्राम सुरू झाला. त्या एका सकाळी बॅटरी डीच्या चार तोफांनी सुमारे ३००० गोळे डागले. पुढे एकदा शेजारच्या दलावर मारा करण्याच्या बेतात असलेली जर्मन बॅटरी त्यांच्या दृष्टीस पडली. आपल्या हद्दीबाहेर मारा करावयाचा नाही असा नियम होता. ट्रुमन यांनी नियम मोडून गोळे डागले आणि शेजाऱ्यांचे प्राण वाचविले. याबद्दल खटल्याची धमकी मिळाली, खटला मात्र झाला नाही. त्या काही दिवसांत त्यांच्या डिव्हिजनचे सात हजारांच्या आसपास सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. परंतु कॅप्टन ट्रुमन यांच्या हाताखाली लढताना बॅटरी डीचा एकही सैनिक रणांगणावर मारला गेला नाही. ११ नोव्हेंबर रोजी अकरा वाजता युद्ध थांबले. बॅटरीने शेवटचा गोळा पावणेअकराला डागला होता.

एप्रिल १९१९ मध्ये पलटण मायदेशी निघाली. जहाजावर फाशांच्या खेळात जिंकलेल्या पैशांतून थोडा थोडा वाटा बाजूला काढून सैनिकांनी आपल्या कॅप्टनसाठी एक मोठा चांदीचा पेला करविला असे सांगतात. त्यांची न्यायबुद्धी, पात्रता व नेतृत्व यांबद्दल कृतज्ञता व्यक्त करणारा मजकूर त्यावर कोरलेला होता. सरकारने निवृत्त होणाऱ्या प्रत्येक सैनिकाच्या हातावर साठ डॉलर ठेवले आणि आपले कर्तव्य संपले असे मानले.

घरी येताच ट्रुमन यांचा बेस वॉलेस यांच्याशी विवाह झाला आणि वर्षअखेरीस जेकबसन यांच्याशी भागी करून कॅन्सस सिटीत त्यांनी पुरुषांच्या कपड्यांचे दुकान उघडले. तो चांदीचा पेला दुकानात मांडलेला असे. दुकान थोड्याच दिवसांत बॅटरी डीचा अड्डा बनले. नोकरी नसलेला तेथे नोकरीची चौकशी करी, अडचणीतला उसने मागे, आणि कॅप्टन हॅरी सहसा कोणास रिक्त हस्ताने पाठवीत नसत. मंदी आली आणि १९२२ साली दुकान बुडाले. जेकबसन यांना पुढे दिवाळे काढावे लागले. ट्रुमन यांनी मात्र तो मार्ग न पत्करता अनेक वर्षे ते कर्ज फेडीत आणले.

बॅटरीचा संबंध दुकानाबरोबर संपला नाही. दरवर्षी सेंट पॅट्रिक दिनाच्या सुमारास जुने सोबती जेवणासाठी जमत, दंगामस्ती करीत, आणि वर्षभरात कोण आजारी पडले, कोणाचे काम सुटले याची विचारपूस होई. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेत व राखीव अधिकाऱ्यांच्या मंडळातही ट्रुमन यांनी उत्साहाने काम केले. १९२२ साली जॅक्सन परगण्याच्या कारभारी मंडळासाठी ते उभे राहिले, तेव्हा त्यांची उमेदवारी माजी सैनिकांच्या मेळाव्यात जाहीर झाली. पक्षांतर्गत निवडणूक ते तीनशेहून कमी मतांनी जिंकले. जुने सोबती नसते तर तीही मते मिळाली नसती.

येथे एक गोष्ट न लपविता सांगितली पाहिजे. त्या काळी कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या व कॅथलिकद्वेष्ट्या गुप्त संघटनेचे मिसूरीत प्राबल्य होते. मतांच्या लोभाने ट्रुमन यांनीही तिची दहा डॉलर वर्गणी भरली. परंतु कॅथलिकांस नोकरी देणार नाही असे वचन मागण्यात येताच ते मागे फिरले. ज्यांच्या सोबतीने तोफा ओढल्या ते सारे कॅथलिक, त्यांना दूर लोटून पद घेणे त्यांना शक्य नव्हते. क्लॅनने वैर धरले आणि १९२४ साली ट्रुमन पराभूत झाले. पुढे पेंडरगास्ट यांच्या बदनाम राजकीय गटाच्या पाठबळावर ते पुन्हा निवडून आले आणि १९३४ साली सिनेटमध्ये गेले. गट भ्रष्ट होता. ट्रुमन यांनी स्वतः मात्र पैसा खाल्ला नाही.

दरम्यान सर्व अमेरिकेतील माजी सैनिकांचे गाऱ्हाणे पेटले होते. युद्धकाळी घरी राहून कारखान्यांत कमावणाऱ्यांच्या मानाने आपले नुकसान झाले, त्याची भरपाई मिळावी ही त्यांची मागणी. १९२४ साली कायद्याने ती मान्य झाली, परंतु रक्कम हाती पडावयाची होती १९४५ साली! महामंदीत उपासमार होऊ लागली तेव्हा, १९३२ च्या उन्हाळ्यात, हजारो माजी सैनिक बायकामुलांसह राजधानीत येऊन झोपड्या उभारून राहिले. सरकारने त्यांच्यावर सैन्य घातले आणि झोपड्या जाळल्या गेल्या. हक्काची रक्कम अखेर १९३६ च्या कायद्याने मिळाली. या अनुभवाने राष्ट्र शहाणे झाले, आणि दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांसाठी शिक्षण, घर व व्यवसाय यांना साहाय्य करणारा कायदा १९४४ सालीच करण्यात आला.

१२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट यांच्या निधनाने ट्रुमन राष्ट्राध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी आयझॅक वुडार्ड नावाचा एक कृष्णवर्णीय सार्जंट लष्करातून मुक्त होऊन, अंगावर गणवेश असतानाच, बसने घरी जात होता. दक्षिण कॅरोलायनात पोलिसांनी त्याला इतके मारले की त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. मारणारा पोलिस अधिकारी न्यायालयातून निर्दोष सुटला. ट्रुमन यांच्या पूर्वजांनी गुलाम बाळगले होते, आणि त्यांच्या स्वतःच्या बोलण्यातही त्या समाजाविषयीचे हीन शब्द येत. तरीही ही हकीकत ऐकून ते हादरले. गणवेशातील सैनिकाची ही अवस्था तोफखान्याच्या कॅप्टनला सहन होणे शक्य नव्हते. त्यांनी नागरी हक्कांची समिती नेमली आणि २६ जुलै १९४८ रोजी, निवडणूक तोंडावर असताना, स्वपक्षातील दक्षिणेकडील पुढाऱ्यांचा रोष पत्करून, सैन्यात वर्णभेद न करता सर्वांस समान वागणूक व समान संधी देण्याची आज्ञा काढली. आपल्या बॅटरीतील माणसांविषयी वाटणारी जबाबदारी येथे सर्व सैनिकांपर्यंत पोहोचली, हेच या चरित्रातील सर्वांत उंच शिखर होय.

ती निवडणूक ते हरणार हे सर्वांनी गृहीत धरले होते, ते जिंकले. २० जानेवारी १९४९ रोजी पदग्रहणाच्या दिवशी सकाळी त्यांनी बॅटरी डीच्या सोबत्यांबरोबर न्याहारी केली. नंतरच्या मिरवणुकीत राष्ट्राध्यक्षांच्या मोटारीच्या दोन्ही बाजूंनी तीच पन्नाशी ओलांडलेली मंडळी हातात काठ्या घेऊन, पावलाशी पाऊल जुळवीत चालली. सरकारने तीस वर्षांत त्यांना जो मान दिला नव्हता, तो त्यांच्या कॅप्टनने त्या एका सकाळी दिला.

१९५३ साली ट्रुमन इंडिपेन्डन्सला परतले. त्या वेळी माजी राष्ट्राध्यक्षांना निवृत्तिवेतन नसे. सरकारकडून त्यांस मिळे ते तोफखान्यातील सेवेचे, दरमहा सुमारे ११२ डॉलर. १९७१ साली देशातील सर्वोच्च शौर्यपदक त्यांना देण्याचा विचार पुढे आला. ते पदक रणांगणावरील असामान्य पराक्रमासाठी आहे, आपण तसे काही केलेले नाही, असे कळवून त्यांनी ते नाकारले. २६ डिसेंबर १९७२ रोजी वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. इंडिपेन्डन्स येथील त्यांच्या ग्रंथालयाच्या अंगणात त्यांना चिरविश्रांती देण्यात आली, आणि तोफांनी अखेरची सलामी दिली.

स्वतःसाठी पदक नाकारणाऱ्या या पुरुषाने आपल्या माणसांनी दिलेला चांदीचा पेला मात्र आपल्या दुकानात मांडून ठेवला होता. संघटनेने जमणाऱ्या आपल्यासारख्यांना यातून घेण्याजोगा बोध उघड आहे. वर्षातून एकदा एकत्र जेवणे सोपे असते. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस परस्परांची चौकशी ठेवणे कठीण, आणि आपल्या पंक्तीबाहेरच्या माणसालाही आपला म्हणणे त्याहून कठीण. पहिले अनेकांनी केले. दुसरे व तिसरे ज्यांनी केले, त्यांत या अधू दृष्टीच्या कॅप्टनची गणना करावी लागेल.