बाबूजी नाईक बारामतीकर

बाबूजी नाईक जोशी बारामतीकर हे अठराव्या शतकातील मराठेशाहीतील एक धनाढ्य सावकार आणि सरदार होते. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत ते पेशवेपदाचे दावेदार होते. पंडितकवी मोरोपंत यांचे आश्रयदाते म्हणूनही ते ओळखले जातात.

पार्श्वभूमी

कऱ्हाकाठची बारामती आणि शेजारचा इंदापूर परगणा हे दोन्ही आज पुणे जिल्ह्यात येतात. इंदापूर, सुपे, पुणे व चाकण हा मुलूख सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत होता. पुढे बारामतीत जोशी घराण्याची सावकारी भरभराटीस आली. पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या भिऊबाई हिचा विवाह बाबूजींचे बंधू आबाजी यांच्याशी झाला. त्यामुळे हे घराणे पेशव्यांचे आप्त झाले. ते त्यांचे धनकोही होते. सततच्या मोहिमांमुळे थोरल्या बाजीरावांवर कर्जाचा मोठा बोजा होता आणि त्यांचे काही कर्जरोखे बाबूजींकडे होते.

पेशवेपदाचा वाद

२८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले. नागपूरकर रघूजी भोसले यांनी पेशवेपदासाठी बाबूजींचे नाव पुढे केले. शाहू महाराजांनी मात्र २५ जून १७४० रोजी पदाची वस्त्रे बाजीरावांचे पुत्र बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब यांना दिली. त्यानंतर बाबूजींनी कर्जफेडीचा तगादा लावला. अखेर महादोबा पुरंदरे यांनी आपली पत खर्ची घालून नव्या पेशव्यांना या तगाद्यातून सोडवले. ज्या कर्जाच्या बळावर पेशवेपद मिळेल अशी बाबूजींची अपेक्षा होती, ते कर्ज फिटताच त्यांचा पेशव्यांवरील दाब ओसरला.

कर्नाटकची मामलत

कृष्णा आणि तुंगभद्रा यांमधील प्रदेशाची चौथाई व सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क बाबूजींनी छत्रपतींकडून मिळवला. इतिहासकार ग्रँट डफ याच्या मते, त्यासाठी वर्षाला ७ लाख रुपये भरण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात वसुलीला तीव्र विरोध झाला. फौजेचा खर्च उत्पन्नापेक्षा वाढत गेला आणि इतरांना कर्ज देणारे बाबूजी स्वतःच कर्जबाजारी झाले. १७४६–४७ मध्ये सदाशिवरावभाऊंनी कर्नाटकात स्वारी करून सावनूरच्या नबाबाकडून बराच मुलूख मिळवला. तेव्हापासून त्या प्रांतात पेशव्यांचे वर्चस्व वाढले.

मोरोपंतांना आश्रय

मोरोपंत रामचंद्र पराडकर (१७२९–१७९४) हे सुमारे १७५२ मध्ये पन्हाळ्याहून बारामतीस आले. बाबूजींनी त्यांना पुराणिक म्हणून आश्रय दिला. ‘आर्याभारत’, ‘केकावली’ आणि अनेक रामायणे रचणाऱ्या या कवीचे वास्तव्य अखेरपर्यंत बारामतीतच राहिले.

साधने आणि मूल्यमापन

या काळातील पत्रव्यवहार मुख्यतः पुण्याच्या पेशवे दप्तरात आहे. गो. स. सरदेसाई यांनी त्यातील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केले. हे दप्तर बाबूजींच्या प्रतिस्पर्ध्यांचे असल्याने त्यांची बाजू अभ्यासताना ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते. मराठेशाहीच्या मोहिमा सावकारांच्या पतीवर किती अवलंबून होत्या, आणि युद्धात उतरल्यावर तीच पत किती लवकर संपू शकत असे, हे बाबूजींच्या चरित्रातून दिसते. बारामतीत कऱ्हेच्या काठावरील त्यांचा वाडा त्या वैभवाची साक्ष देतो.