गाण्यावर जगलेले वामनदादा



नांदेड-लातूरकडच्या वस्त्यांत भीमजयंतीच्या रात्री गायनपार्टी बसली की तुम्ही मुलाबाळांसह मध्यरात्रीपर्यंत ऐकत बसता. पण आपल्याच घरातला मुलगा गाण्यावर पोट भरू म्हणाला, की बाप कपाळाला हात लावतो. त्यात त्याचे सगळेच चुकते असे नाही. गावकीच्या काळात आपली माणसे दारोदार नाचून-गाऊन भाकर मागत होती. मुरळी सोडणे आणि देवाच्या नावाने पदर पसरणे थांबवणे, यासाठीच तर आपण हा मार्ग धरला. मग पुन्हा गाणे कशाला, असे त्याला वाटते. म्हणून आज वामनदादा कर्डकांचे जीवन तुमच्यापुढे ठेवीत आहे.

वामनदादा १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी जन्मले. (जलसाकार भीमराव कर्डक निराळे. आडनाव एक, जिल्हाही एक, म्हणून पुष्कळांचा घोटाळा होतो.) शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. आईबरोबर ते मुंबईला आले आणि गिरणीत राबले. चिक्की विकली, कोळशाच्या वखारीतही काम केले. एकदा कोणीतरी वाचून दाखवा म्हणून त्यांच्या हाती पत्र दिले. वाढलेला माणूस, आणि अक्षर ओळखता येईना! ती लाज त्यांच्या जिव्हारी लागली. देहलवी मास्तरांनी त्यांना बाराखडी शिकवली, आणि जोडाक्षरे ते दुकानांच्या पाट्यांवरून शिकले. तुमच्यापैकी जे रात्रशाळेत बसून सही शिकले, त्यांना हे निराळे सांगायला नको.

३ मे १९४३ रोजी एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर त्यांनी पहिले गाणे रचले. सिनेमात शिरण्याची हौस होती, ती फारशी फळली नाही. पण चाल लोकांच्या ओठावरची आणि शब्द आपल्या चळवळीचे, ही युक्ती त्यांना गवसली. उसनी चाल म्हणून काही विद्वान नाक मुरडत. मला ती टीका पोकळ वाटते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, खेड्यांत शाळा विरळ. १९५६ ला दीक्षा घेतलेल्या आया-बहिणींना बुद्धाची गोष्ट कोणत्या पुस्तकातून कळणार होती? चाल आधीच पाठ होती, शब्द तेवढे नवे शिकायचे. दुसऱ्या दिवशी निंदणीला जाताना बाई ते गाणे गुणगुणत असे.

पुढे गाणे हाच त्यांचा व्यवसाय झाला. पेटी, ढोलकी आणि साथीदार घेऊन ते महाराष्ट्रभर हिंडले. गावोगावी मुक्काम, वर्गणीतून जमेल ती बिदागी. संसाराला त्याची झळ बसली. पहिला विवाह टिकला नाही, लेक लहानपणीच गेली. गाणी हजारोंनी लिहिली, पण पैसा साठला नाही. त्यांची गाणी दुसरे गायकही गात आले. संतांच्या अभंगाप्रमाणे शेवटच्या कडव्यात वामन हे नाव येते. वेळ कमी म्हणून गायकाने ते कडवे गाळले की कवीही गळतो!

काही उपासक विचारतात, शीलात गाणे बसते काय? उपोसथाला अष्टशील घेणारा त्या दिवशी नाच-गाणे वर्ज्य करतो. गृहस्थाच्या पंचशीलात अशी मनाई नाही. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असे सांगितले आहे, त्यातही गाणे नाही. मात्र नटांचा नायक तालपुट भगवंतांकडे आला, तेव्हा लोकांचा लोभ-द्वेष भडकवून पोट भरणाऱ्याची गती चांगली नाही, हे त्यांनी त्याला स्पष्ट सांगितले. पुढे तोच तालपुट भिक्खू झाला. तेव्हा पोराला अडवण्याआधी तो काय गाणार आहे हे विचारा, आणि गायकाला बोलावताना बिदागी आधी ठरवा. कार्यक्रम संपल्यावर त्याला वर्गणीदारांच्या दारात तिष्ठत ठेवणे ही जुनी गावकीच झाली.

वामनदादांचा 'वाटचाल' हा संग्रह १९७३ साली निघाला, 'मोहोळ' १९७६ ला, आणि 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मचरित्र १९९६ साली. पत्र वाचता न आलेल्या माणसाची ही पुस्तके आहेत. १५ मे २००४ रोजी ते गेले. यंदाच्या जयंतीला त्यांचे गाणे लागले, तर शेवटचे कडवे गाळू देऊ नका.